मोहाच्या मडक्यात नेमके काय शिजते?

मार्च सरत आला की एटापल्ली तालुक्यातल्या गावांत दिवस पहाटेच सुरू होतो. टोपल्या घेऊन बाया-पोरे मोहाच्या झाडाखाली पोहोचतात तेव्हा फुले अजून गळतच असतात. पिवळसर, मांसल, रसाने फुगलेली. रात्री वटवाघळे येऊन गेलेली असतात आणि अस्वल अजून आसपास असू शकते, म्हणून शक्यतो एकटे कुणी जात नाही. ऊन चढेपर्यंत वेचणी आटोपते. मग अंगणाअंगणात फुले वाळत पडतात आणि गावभर एक गोड, किंचित आंबूस वास भरून राहतो.

इथून फुलाला दोन वाटा फुटतात. एक घरातल्या साठवणीकडे आणि आठवडी बाजाराकडे जाते, दुसरी मडक्याकडे. मडक्याकडे जाणाऱ्या वाटेला कायद्याची आडकाठी आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. इथे दारू गाळणे, बाळगणे आणि विकणे हे तिन्ही गुन्हे आहेत. तरीही मोहाची दारू गाळली जाते, हे पोलिसांना, ग्रामसभेला आणि डॉक्टरांनाही ठाऊक आहे. तिच्या बाजूने नेहमी एकच युक्तिवाद ऐकू येतो. ही घरची आहे, फुलाची आहे, जंगलाची आहे. बाटलीतल्या दारूसारखी रसायनाची नाही. म्हणजे बिनधोक.

या युक्तिवादात अर्धे सत्य आहे. आणि उरलेल्या अर्ध्यानेच माणसे दवाखान्यात पोहोचतात. ते वेगळे काढायचे तर मडक्यात काय होते ते पायरीपायरीने पाहावे लागते.

फूल आणि साखर

मोहाचे शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया. नावातच मध आहे, आणि तो उगाच नाही. बहुतेक फुलांत गोडवा असतो तो थेंबभर मधुरसात. मोहाची पाकळीच गरासारखी जाड आणि साखरेने भरलेली असते. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा साखरेचाच असतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते फूल असले तरी आंबवण्याच्या दृष्टीने ते मनुकेच्या जवळचे आहे. (मोहाचे खरे फळ नंतर येते. त्याच्या बियांना टोळी म्हणतात आणि तिचे तेल काढतात. दारूशी त्याचा संबंध नाही.)

वाळलेली फुले पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत पाणी फसफसू लागते. यालाच इकडे सडवा म्हणतात. दारू पकडल्याच्या बातमीत ‘इतका मोहसडवा नष्ट’ असे वाक्य असते, तो हाच. सडवा सडलेला नसतो, आंबलेला असतो. फुलावर, हवेत आणि मडक्याच्या आतल्या भिंतीवर असलेले यीस्ट, म्हणजे किण्व, साखर खाते आणि तिचे दोन भाग करते. एक कार्बन डायऑक्साइड, जो बुडबुड्यांवाटे निघून जातो. दुसरा इथेनॉल, म्हणजेच पिण्याच्या दारूतले अल्कोहोल. वजनाने पाहिले तर साखरेचा साधारण अर्धा भाग इथेनॉल होतो.

हिशेब करून पाहावा. एक किलो सुक्या फुलांत अर्धा किलो साखर धरली तर तत्त्वतः अडीचशे ग्रॅमच्या आसपास इथेनॉल मिळायला हवे. त्यात पाणी मिसळून ते ३० टक्के तीव्रतेचे केले तर सुमारे एक लिटर दारू होते. प्रत्यक्षात काही साखर यीस्ट स्वतःच्या वाढीला वापरते आणि थोडी वाफ सांध्यांतून निसटते, त्यामुळे हाती येते ते कमी. एप्रिलच्या उन्हाळ्यात आंबणे झपाट्याने होते, थंडीत ते रेंगाळते. फार दिवस उघडे राहिले तर दुसरे जिवाणू इथेनॉलवर ताव मारतात आणि सडव्याचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, होऊ लागतो.

इथपर्यंत मडक्यात नवे असे काहीच घडलेले नसते. ताडी, शिंदी, माडिया भागातला गोरगा, द्राक्षाची वाइन या सगळ्यांत हेच घडते. सडव्यात अल्कोहोलचे प्रमाण फार वाढू शकत नाही, कारण एका मर्यादेनंतर ते यीस्टलाच मारते. त्या मर्यादेच्या पलीकडे जाण्यासाठी माणसाने आग लावली.

तीन मडकी आणि एक गैरसमज

जुनी पद्धत साधी आणि हुशारीची आहे. खालच्या मडक्यात सडवा उकळतो. त्यावर दुसरे मडके, त्याच्या बुडाला भोके आणि आत एक वाडगे. सर्वात वर थंड पाण्याचे भांडे. वाफ भोकांतून वर येते, पाण्याच्या भांड्याच्या गार बुडाला लागते, थेंब होऊन वाडग्यात पडते. सांधे ओल्या मातीने लिंपलेले. वरचे पाणी तापले की बदलायचे. किती वेळा पाणी बदलले यावरून गाळणारी बाई आतल्या दारूचा अंदाज बांधते, कारण पहिल्या पाण्याला उतरते ती कडक आणि पुढे पुढे पातळ होत जाते.

यामागचे भौतिकशास्त्र शाळेतलेच आहे. इथेनॉल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० अंशाला. मिश्रण तापवले की वाफेत इथेनॉलचा वाटा जास्त असतो.

आता गैरसमजाकडे. मिथेनॉल हे इथेनॉलचे विषारी भावंड ६५ अंशालाच उकळते. त्यामुळे भट्टीचा पहिला भाग फेकून दिला की विष गेले, उरलेली दारू शुद्ध, असे जगभरच्या घरगुती भट्ट्यांवर मानले जाते. ऐकायला ते तर्कशुद्ध वाटते. पण मिश्रणातले द्रव आपापल्या उत्कलनबिंदूवर शिस्तीत रांग लावून बाहेर पडत नाहीत. मिथेनॉल पाण्याला आणि इथेनॉलला इतके चिकटून असते की साध्या मडक्याच्या भट्टीत ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोडे थोडे येत राहते. पहिल्या भागात जास्त प्रमाणात असतात ते अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अ‍ॅसिटेटसारखे उग्र वासाचे पदार्थ. तो भाग टाकला तर दारूचा वास सुधारतो, डोके कमी दुखते. मिथेनॉलपासून संरक्षण मिळते असे मात्र समजू नये.

मग फुलाच्या किंवा फळाच्या दारूत मिथेनॉल असते का? असते, थोडे. ते येते पेक्टिनमधून. पेक्टिन म्हणजे फळाच्या पेशींना बांधून ठेवणारा तोच पदार्थ, ज्याच्यामुळे पेरूची जेली जमते. फळे आंबताना एक विकर पेक्टिनचे तुकडे करते आणि त्यातून मिथेनॉल सुटते. भट्टी ते निर्माण करत नाही. सडव्यात जेवढे असेल तेवढेच ती गोळा करते. युरोपात फळांच्या गाळलेल्या दारूला साधारणपणे शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागे १००० ग्रॅम मिथेनॉलची कमाल मर्यादा आहे. या मर्यादेला टेकलेल्या ४० टक्के तीव्रतेच्या दारूच्या २०० मिलिलीटरच्या पेल्यात मिथेनॉल येईल ते एक ग्रॅमच्या आत. दृष्टी जाण्यासाठी सुमारे १० मिलिलीटर आणि जीव जाण्यासाठी सुमारे ३० मिलिलीटर शुद्ध मिथेनॉल पुरते असे वैद्यकीय पुस्तके सांगतात. शिवाय सोबतचे भरपूर इथेनॉल शरीरात मिथेनॉलची वाट अडवून धरते, ते कसे हे पुढे येईलच.

म्हणजे नुसत्या फुलांची, नुसत्या पाण्याची, स्वच्छ मडक्यात गाळलेली दारू कुणाला मिथेनॉलने आंधळे करेल अशी शक्यता कमी. युक्तिवादातले अर्धे सत्य ते हेच.

मडक्यात बाहेरून काय येते

डिसेंबर २००४ अखेर मुंबईत विक्रोळीला विषारी दारूने ८० हून अधिक माणसे मेली. जून २०१५ मध्ये मालवणीत हा आकडा शंभराच्या वर गेला. जून २०२४ मध्ये तामिळनाडूत कल्लाकुरिचीला साठहून अधिक. अशा घटनांमागे फुले-फळे आंबवण्यातली चूक नसते. कारखान्यात वापरले जाणारे मिथेनॉल दारूत मिसळलेले असते, किंवा तेच पाणी घालून दारू म्हणून विकलेले असते. ते स्वस्त असते, दिसायला पाण्यासारखे, वासाला इथेनॉलच्या जवळचे. सडवा आंबायची वाट पाहायला नको, लाकूड जाळायला नको.

इथे विक्रीचा मुद्दा येतो. स्वतःच्या घरी, स्वतःच्या पंडुमला म्हणजे सणाला गाळणाऱ्या बाईला दारूत काही मिसळण्याचे कारण नसते. ती तिचीच माणसे पिणार असतात. गाळणारा आणि पिणारा यांच्यामध्ये तीन माणसे आली, पैसा आला आणि धाडीची घाई आली की भट्टीचा स्वभाव बदलतो. सडवा लवकर तयार व्हावा म्हणून नवसागर आणि युरिया पडू लागतात. फुलांच्या जागी गूळ येतो, कारण गूळ बारमाही मिळतो. दारू ‘लागावी’ म्हणून धोत्र्याचे बी घालण्याचे प्रकारही देशात वेळोवेळी उघड झाले आहेत. त्याने येते ती नशा नसून विषबाधा असते. तोंड कोरडे, बाहुल्या विस्फारलेल्या, भ्रम, छातीत धडधड.

युरियाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण ‘खतच तर आहे, शेतात टाकतोच की’ असे म्हटले जाते. युरिया यीस्टचे अन्न आहे हे खरे. पण युरिया आणि इथेनॉल यांची आपसांत क्रिया होऊन इथाइल कार्बामेट तयार होते आणि उष्णतेने ती क्रिया वेग घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये त्याला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. म्हणजे खत घातलेला सडवा उकळणे हे त्या पदार्थाच्या निर्मितीचे साधनच झाले.

भांडीही बदलली आहेत. मातीच्या मडक्यांची जागा जर्मनच्या गंजांनी, पत्र्याच्या पिंपांनी आणि रबरी नळ्यांनी घेतली. सडवा आंबट असतो आणि आंबट द्रव धातू खातो. जस्ताचा मुलामा, डाग दिलेल्या सांध्यातले शिसे, आधी कीटकनाशक भरलेल्या पिंपाचा अंश हे सगळे दारूत उतरू शकते. अमेरिकेत चोरट्या भट्ट्यांवर वाफ थंड करायला मोटारीचे जुने रेडिएटर वापरत, आणि त्यातल्या शिशाने पिणाऱ्यांना विषबाधा झाल्याच्या नोंदी तिथल्या वैद्यकीय साहित्यात आहेत. शिसे चवीला लागत नाही, एका दिवसात दिसतही नाही. पोटात कळा, रक्तक्षय, हातापायांतली शक्ती जाणे असे ते हळूहळू पुढे येते, आणि तेव्हा कुणाला जुनी भट्टी आठवत नाही.

आणखी एक परीक्षा गावोगाव चालते, काडी लावून पाहण्याची. निळी ज्योत लागली म्हणजे माल शुद्ध. ज्योत फक्त एवढे सांगते की अल्कोहोलची वाफ पेट घेण्याइतकी आहे. मिथेनॉलही जळते, आणि त्याची ज्योत तर उजेडात दिसतही नाही. शिवाय ४० टक्के दारूची वाफ २६ अंशाच्या आसपास पेट घेऊ शकते, २० टक्केवालीची सुमारे ३६ अंशाला. एटापल्लीत मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशीपार असताना निम्मे पाणी घातलेली दारूही काडी धरते. तेव्हा या परीक्षेतून ना शुद्धता कळते, ना नेमकी तीव्रता. भट्टीजवळ ती करताना भाजल्याची शक्यता मात्र वाढते.

उशिरा येणारी लक्षणे

मिथेनॉल पोटात गेल्यावर फसवते ते वेळेने. पिताना नशा नेहमीसारखीच चढते. माणूस झोपतो, उठतो, बरा वाटतो. यकृतातले विकर मिथेनॉलचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करते, आणि खरा घात हे आम्ल करते. साधारण १२ ते २४ तासांनी, सोबत बरीच साधी दारू प्यायलेली असेल तर त्याहूनही उशिरा, पोटात दुखू लागते, उलट्या होतात, श्वास जोरात चालतो. डोळ्यांपुढे धुके किंवा पांढरे पडल्यासारखे दिसते. हे शेवटचे लक्षण ‘चढली आहे, उतरेल’ म्हणून सोडून देणे सर्वांत महागात पडते, कारण दृष्टीची नस त्या तासांतच मरत असते.

हेच विकर इथेनॉलवरही काम करते, आणि त्याला इथेनॉलच अधिक आवडते. दोन्ही समोर असतील तर ते आधी इथेनॉल घेते आणि मिथेनॉल तसेच थांबून राहते. रुग्णालयात याच तत्त्वावर उपचार होतात. विकर अडवणारे फोमेपिझोल हे औषध, ते नसेल तर मोजून दिलेले वैद्यकीय इथेनॉल, आम्लता कमी करायला सोडियम बायकार्बोनेट, आणि रक्तातून मिथेनॉल व आम्ल काढून टाकायला डायलिसिस. हे वाचून घरी ‘दारूवर दारू’ पाजण्याचा प्रयोग कुणी करू नये. मात्रा रक्ततपासणीवर ठरते आणि बेशुद्ध होत चाललेल्या माणसाच्या घशात ओतलेले काहीही फुप्फुसात जाऊ शकते.

एटापल्लीसारख्या ठिकाणी सर्वांत मोल असते ते तासांना. ग्रामीण रुग्णालयातून पुढे आलापल्ली, अहेरी, तिथून गडचिरोली किंवा चंद्रपूर असा रस्ता आहे, आणि आतल्या गावांतून तालुक्याला येण्यातच कितीतरी वेळ जातो. म्हणून दिसेनासे झाल्याची पहिली तक्रार ऐकताच १०८ ला फोन लावावा. त्या दारूतली जे जे प्यायले त्या सर्वांना न्यावे, त्यांना अजून काही होत नसले तरीही. बाटलीत उरलेले फेकू नये, सोबत द्यावे. आणि दारूबंदीच्या भीतीने ‘ताप आला, उलट्या होतात’ एवढेच सांगून थांबू नये. मलेरियाच्या मुलखात डॉक्टर साहजिकच आधी मलेरियाकडे पाहणार. दारू प्यायल्याचे एक वाक्य दडवले तर डोळे वाचवायचे तास हातचे जातात.

शहरातली मुरवण

‘घरची म्हणजे शुद्ध’ हा विश्वास जंगलातल्या गावांपुरता नाही. शहरांत हल्ली विकतच्या व्होडकात किंवा जिनमध्ये जांभळे, करवंदे, स्ट्रॉबेरी, संत्र्याची साल घालून बरणी पंधरा दिवस ठेवण्याची हौस वाढली आहे. गोव्यात तर हे जुनेच. तिथे फेणीत अनंतमुळाची मुळे मुरवून दुकशिरी फेणी करतात. मुरवण्यात आंबवणे नसते. त्यामुळे नवे अल्कोहोल तयार होत नाही, आणि मिथेनॉलची भीती तर फारच थोडी. इथेनॉल हे चांगले द्रावक असल्याने जांभळाचा जांभळा रंग आणि सालीतली तेले त्यात उतरतात, इतकेच.

त्यातही एक हिशेब असतो, तो सहसा कुणी करत नाही. ४२.८ टक्क्यांच्या ७५० मिलिलीटर बाटलीत अर्धा किलो रसाळ फळ घातले तर फळातले सुमारे ४०० मिलिलीटर पाणी त्यात मिसळते आणि तीव्रता २८ टक्क्यांच्या आसपास उतरते. एक किलो घातले तर ती २० टक्क्यांवर येते. त्याखाली गेली की जंतूंना रोखण्याची दारूची ताकद संपत जाते आणि बरणीत बुरशी किंवा फेस दिसू लागतो. जर्दाळू, पीच यांच्या फुटलेल्या बिया आत ठेवल्या तर त्यातून सायनाइड सुटते. झिलईच्या सजावटी बरण्या आणि शिसेयुक्त काचेच्या सुरया महिनोन्‌महिने साठवणीसाठी नाहीत. जंगलातून आणलेले, नाव नक्की माहीत नसलेले मूळ किंवा फळ मुरवणे तर सरळ जुगार आहे.

खरी गंमत, किंवा खरा धोका, गोडीत आहे. फळ आणि साखर इथेनॉलचा जाळ झाकतात. घसा जो इशारा देतो तो बंद होतो, आणि सरबतासारखे दोन पेले पोटात गेल्यावर कळते.

शुद्ध असली तरी

इथे मोहाच्या दारूकडे परत यायला हवे. कारण तिच्यात काहीही मिसळलेले नसले, मडके नवे असले, गाळणारी हुशार असली, तरी तिच्यात एक गोष्ट असतेच. इथेनॉल.

बाटलीवर तीव्रता छापलेली असते, मडक्यावर नसते. २०० मिलिलीटरच्या पेल्यात २० टक्क्यांची दारू असेल तर ३२ ग्रॅमच्या आसपास इथेनॉल जाते. पहिल्या पाण्याची ४० टक्क्यांची असेल तर ६३ ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढते. म्हणजे तोच पेला एका दिवशी तीन-चार तासांचे काम, दुसऱ्या दिवशी आठ तासांचे. पिणारा मात्र दोन्ही वेळा ‘एकच पेला घेतला’ असेच म्हणतो, आणि खरेच बोलतो.

कर्करोग संशोधन संस्थेने अल्कोहोलयुक्त पेयांना १९८८ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांत, घातले. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याला सुरक्षित अशी दारूची कुठलीही मात्रा नाही असे स्पष्ट केले. फुलातून आलेला इथेनॉलचा रेणू आणि कारखान्यातून आलेला, यकृताला दोन्ही सारखेच.

गडचिरोलीत त्याला स्थानिक संदर्भ जोडले जातात. इथल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. दारूने लघवीवाटे पाणी जास्त जाते, शरीर कोरडे पडते, आणि कोरडेपणा हे सिकलसेलच्या रुग्णात असह्य वेदनांचा झटका येण्याचे एक ठरलेले कारण आहे. लग्नात रात्रभर पिणे आणि दुसऱ्या दिवशी उन्हात रानात जाणे हे त्याच्यासाठी वाईट जुळून येते. गरोदरपणात घेतलेले अल्कोहोल वारेतून थेट बाळापर्यंत पोहोचते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. सर्दीला, झोपेला म्हणून तान्ह्या किंवा लहान मुलाला दोन थेंब चाटवण्याची सवय अनेक भागांत आहे. इथेनॉल यकृताला नवी साखर बनवू देत नाही. आधीच कमी वजनाच्या, उपाशी झोपलेल्या मुलाची रक्तशर्करा त्यामुळे एकदम कोसळू शकते, इतकी की झटके यावेत.

आणि ज्याला रोजची सवय जडली आहे त्याने एका रात्रीत सोडणे हेही सुरक्षित नसते. हात कापणे, घाम, झोप उडणे यांनी सुरुवात होते. दोन-तीन दिवसांत काहींना झटके येतात, भास होतात. गावात भट्ट्या बंद पाडण्याचा निर्णय होतो तेव्हा हे लक्षात ठेवायला हवे, कारण निर्णयाच्या चौथ्या दिवशी ‘अंगात आले’ म्हणून मांत्रिकाकडे नेलेला माणूस प्रत्यक्षात दारू तुटल्याने आजारी असू शकतो. यावर औषध आहे, आणि ते वेळेत द्यावे लागते.

बंदी, ग्रामसभा आणि देवाचा थेंब

१९९३ ची दारूबंदी वरून आलेली नव्हती. तिच्यामागे गावागावांतल्या बायकांची आणि संघटनांची कित्येक वर्षांची चळवळ होती, ज्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्थाही होती. शेजारच्या चंद्रपुरात बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत ती टिकून आहे. २०१६ पासून शासन, टाटा ट्रस्ट्स आणि सर्च यांच्या सहभागाने जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ सुरू आहे. गाव संघटनेच्या बाया जंगलात शिरून सडव्याचे पिंप उलटतात, अशा बातम्या नेहमी येतात. तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराचे क्लिनिक चालते, हे मात्र कमी छापून येते. खरे तर पिंप उलटवण्याइतकेच ते महत्त्वाचे आहे.

माडिया गोंडांच्या विधींत मोहाच्या दारूला जागा आहे. देवाला, पूर्वजांना थेंब वाहिल्याशिवाय कितीतरी कार्ये पुरी होत नाहीत. शेजारी छत्तीसगडमध्ये आदिवासींना घरगुती वापरासाठी ठराविक मर्यादेत दारू गाळायची मुभा आहे, सीमेच्या अलीकडे ती नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा ते नियंत्रित करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे असावा असे म्हटले आहे. आरोग्याच्या बाजूने पाहिले तर पानाच्या द्रोणातला वाहिलेला थेंब आणि पिंपाने विकली जाणारी दारू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक गावातल्या बायकांना सर्वांत आधी कळला, कारण विक्रीच्या दारूचा मार आणि रिकामा डबा दोन्ही त्यांच्या वाट्याला आले.

फुलावर मात्र कुणाचा राग नाही. मोहफुले गोळा करणे, बाळगणे आणि नेणे यांवरचे जुने निर्बंध महाराष्ट्राने २०२१ मध्ये शिथिल केले. असे निर्बंध नवे नव्हते. १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात ठाणे-कुलाब्याकडे मोहफुलांसाठी खास कायदाच केला गेला होता, आणि त्याचा हेतू आरोग्याचा कमी, अबकारी महसुलाचा जास्त होता. दुष्काळात याच फुलांवर माणसे जगली आहेत. भाजून, उकडून, पिठात मळून ती आजही खाल्ली जातात, आणि बचत गटांनी त्यांचे लाडू, सरबत, जॅम करायला सुरुवात केली आहे. मधुमेह असलेल्याने ते जपूनच खावे, कारण शेवटी ती साखर आहे.

खाण्याच्या फुलासाठी वेचणीची पद्धत बदलावी लागते. झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करायची आणि मग फुले वेचायची ही जुनी रीत आहे. तिने जंगलात वणवे लागतात आणि फुलाला राख-माती चिकटते. झाडाखाली जाळी बांधली तर फूल जमिनीला लागतच नाही. मग स्वच्छ कापडावर, तट्ट्यावर कडकडीत वाळवून ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे. पावसाळ्याआधी हे नीट झाले पाहिजे. मोहफूल हवेतली ओल ओढून घेते, आणि श्रावणात झाकण सैल राहिलेला डबा उघडला की त्यातली फुले नरम पडलेली असतात, हाताला चिकटतात आणि वास सडव्याचा येऊ लागलेला असतो.